गोल कोरा सोडायचा नाही

डोईफोडे सर भेंडी घ्यायला लागले की भाजीवाली वैतागते. गाड्यावर चार ढीग असतील तर सर आधी दोन बाद करतात. सगळ्यात पुढचा बाद, कारण "ती दाखवायलीय म्हणजे काहीतरी लपवायलीय." सगळ्यात स्वस्त तो बाद, कारण स्वस्त म्हणजे आमिष. मग उरलेल्या दोन ढिगांसमोर डोळे बारीक करून उभे राहतात आणि शेवटी भेंडीकडं न बघता भाजीवालीच्या चेहऱ्याकडं बघून एक ढीग निवडतात. "तिची नजर तिकडं गेली होती," हे नंतर आपल्याला हळूच सांगतात. घरी जाऊन भेंडी निबर निघाली, तर दुसऱ्या दिवशी म्हणतात, "बाई हुशार हाय. नजर मुद्दाम टाकली."

आम्ही एकाच शाळेत आहोत. जिल्हा परिषदेची शाळा, चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून थोडी आत. सरांकडं चौथी, माझ्याकडं दुसरी, आणि शेख सर मोठ्या वर्गांना गणित शिकवतात. तिघंही शहरातून रोज अपडाऊन करतो, शेख सरांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत. डोईफोडे सर बजाजनगरहून येऊन महानुभाव आश्रम चौकात उभे असतात. गाडी समोर येऊन थांबली तरी पटकन बसत नाहीत. आधी वाकून नंबर वाचतात.

"अरे भाई, इत्ते साल से येहीच गाडी है," शेख सर रोज ओरडतात.

"म्हणूनच," सर म्हणतात. "माणूस सवयीनंच फसतो."

माझा स्वभावही काही कमी नाही हं. दूधवाला सकाळी हसून बोलला तर मी पातेलं उजेडात नेऊन बघते. पण माझा संशय पाहुण्यासारखा आला तसा जातो. सरांचा मुक्कामाला असतो.

आता ज्या गोष्टीनं आमची झोप उडवली ती सांगते. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीसुद्धा पात्रता परीक्षा पास व्हायची, मुदतीत झाला नाहीत तर घरी बसा, असं निघालं. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पेपरवर लाल पेन चालवला, आता या वयात माझ्यावर कोणीतरी चालवणार! घर माझ्या पगारावर चालतं. नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, पण ते दुकान आम्ही चालवतो, ते आम्हाला चालवत नाही. थोरला इंजिनिअरिंगला, धाकटी बारावीला. नोकरी गेली असती तर दोघांचंही शिक्षण तिथंच थांबलं असतं, हे मला रोज दिसत होतं. त्यात पहिल्या खेपेला मी नापास झाले. शाळेत मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा डोईफोडे सरांनी आमची गाडी ताब्यात घेतली.

"मॅडम, तुम्ही अभ्यास लई करता," एक दिवस मागच्या सीटवरून ते म्हणाले. "पण त्याचा अभ्यास केला का?"

"कोणाचा?"

"त्याचा. पेपर काढणाऱ्याचा. तुम्हाला वाटतं पेपर आपोआप निघतो. तसं नसतं. एक माणूस टेबलावर बसलेला असतो. त्याचं डोकं दुखत असतं, त्याला जेवायला घरी जायचं असतं, आणि त्याला एका प्रश्नाला चार उत्तरं लिहायची असतात. खरं एकच. तीन खोटी. आता तुम्हीच सांगा, खोटं बोलायचा माणसाला कंटाळा येतो का नाय?"

मी म्हटलं, माणसामाणसावर आहे.

"येतो. तिसऱ्या खोट्याला तर हमखास येतो. म्हणून एक पर्याय नुसता भरतीचा असतो. तो आधी हाकलून द्या."

तेव्हापासून जाताना-येताना गाडीत हेच. सर सराव प्रश्नसंच घेऊन बसायचे आणि प्रश्न झाकून फक्त पर्याय वाचायचे. "प्रश्न वाचायचा नाय. प्रश्न वाचला की माणूस भुलतो. संशयित बघा." त्यांच्या लेखी चारही पर्याय पोलीस ठाण्यात आणून बसवलेले. 'फक्त', 'नेहमी', 'कधीच नाही' असं छातीठोक बोलणारा पर्याय दिसला की सर खूश. "हा बघा, लई ओरडायलाय. खरा माणूस एवढं ओरडत नाय. बाद." दोन पर्याय एकमेकांसारखे दिसले, तर गुन्हेगार त्या दोघांतला एक. सगळ्यात लांब पर्याय असेल तर सर तिथं बोट ठेवून म्हणायचे, "इथं तो घाबरलाय. उद्या कोणी कोर्टात जाईल म्हणून त्यानं सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केलाय. हेच उत्तर."

"और सब के सब लंबे रहे तो?" शेख सरांनी विचारलं.

"मग पेपर दोघांनी काढलाय," सर गंभीरपणे म्हणाले.

बालमानसशास्त्राला तर त्यांनी फारच सोपं करून टाकलं. वर्गात एक मूल सारखं उठून फिरतं, शिक्षकानं काय करावं? अ, जागेवर बसायला दरडावून सांगावं. ब, पालकांना बोलवावं. क, त्याच्या गरजा समजून घेऊन त्याला आवडेल अशा कृतीत प्रेमानं गुंतवावं. ड, दुर्लक्ष करावं. मी 'अ' वर बोट ठेवलं, कारण सकाळीच मी तेच करून आले होते.

"मॅडम, हे तुम्ही काय करता ते विचारत नायत," सर म्हणाले. "मानसशास्त्राच्या पेपरात सगळ्यात गोड बोलणारा बरोबर असतो. बाहेर आल्यावर मग संशय घ्या त्याच्यावर."

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी चौथीच्या पोरांना पेपर काढायला बसवलं. पेपर सोडवून चोर सापडत नाही, चोरासारखा विचार करायला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. पोरं लई खूश. एका पोरीनं प्रश्न काढला होता, 'डोईफोडे सर कधी हसतात? अ, पगार झाल्यावर. ब, साहेब गेल्यावर. क, शेख सरांची गाडी बंद पडल्यावर. ड, यापैकी नाही.' सरांनी तो कागद मधल्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला. "बघा, 'यापैकी नाही' शेवटी कसं टाकलंय. पोरगी पुढं जाणार." तेव्हा मात्र ते हसले होते, आणि त्या दिवशी ना पगार झाला होता, ना साहेब आले होते, ना गाडी बंद पडली होती.

पण एका गोष्टीवर सरांचा तोल जायचा. या परीक्षेत चुकलं तर गुण कापत नाहीत. तरी एकदा सराव पेपरात मी बरेच गोल कोरे ठेवले. सरांनी उत्तरपत्रिका पाहिली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे काय?"

"नाही येत, सर. येत नाही ते कशाला ठोकून द्यायचं? खोटेपणा वाटतो."

"खोटेपणा?" असे ओरडले की शेख सरांचा ब्रेकवर पाय पडला. "गाडी थांबवा! थांबवा म्हणतो ना!"

पैठण रस्त्याच्या कडेला, उकरून ठेवलेल्या मुरुमात हा माणूस खाली उतरला आणि पाठमोरा उभा राहिला. ट्रक जातायत, धूळ उडतेय, आणि आम्ही दोघं काचेतून बघतोय. "हौला हो गया क्या ये?" शेख सर पुटपुटले. वेडबिड लागलं की काय, असं मलाही वाटलं. थोड्या वेळानं सर परत येऊन बसले. कपडे झटकले. आणि इतक्या मऊ आवाजात बोलायला लागले की मला तर तो आवाज आधीपेक्षा जास्त संशयास्पद वाटला.

"मॅडम, परत सांगतो. चुकलं माझं. अंदाज करणं म्हणजे खोटं बोलणं नाय. तुम्हाला थोडं माहीत असतं, थोडं नसतं. जेवढं माहीत आहे तेवढ्यावर एक पाऊल टाकायचं. पण गोल कोरा सोडायचा नाही. एवढं ऐका माझं."

मी ऐकलं. पण मनात आलं, माझ्या गोलांसाठी या माणसाचा जीव इतका का खालीवर व्हावा?

आणि मग मुख्याध्यापकांनी बॉम्ब टाकला. मी त्यांच्या टेबलावर हजेरी ठेवायला गेले होते, बोलता बोलता म्हटलं, आम्ही तिघंही बसतोय परीक्षेला. ते म्हणाले, "तिघं? डोईफोडेंना कुठं लागू आहे ते? त्यांची रिटायरमेंट जवळ आली, त्यांना सूट आहे. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. केस काळे करतो माणूस, कळणार कसं? शिवाय जन्मतारीख एक जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या मराठवाड्याला तीच तारीख लावली, त्यावरून कोणाचं वय काढणार!

त्या दिवशी परतताना सर आपले नेहमीसारखे पर्याय वाचत होते आणि मी त्यांच्याकडं आरशातून बघत होते. ज्याला परीक्षेची गरज नाही तो फॉर्म कशाला भरेल? ते चौकात उतरून गेले तसं मी शेख सरांना सगळं सांगितलं.

"सेटिंग," शेख सर स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले. "पक्का सेटिंग. नै तो कायकू बैठता आदमी?"

मलाही तसंच वाटलं. आजकाल काय काय ऐकतो आपण. कोणाच्या तरी जागी कोणीतरी बसतं, कोणी आधीच पेपर विकतं. आधी फुकट शिकवायचं, विश्वास बसवायचा, आणि ऐन वेळी सांगायचं की मॅडम, एक ओळखीचा माणूस आहे. माझी नोकरी तर जाईलच, वर पोलीस दारात. मी ठरवलं, या माणसावर नजर ठेवायची.

ठेवली, आणि लगेच फळ मिळालं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सर वर्गामागच्या लिंबाखाली फोनवर बोलत होते. मी पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. सर अगदी दबक्या आवाजात म्हणत होते, "अजून वेळ हाय. नीट विचार कर... सेंटर एकच आलंय आपलं... कोणाला कळणार नाय. मी कोणालाच सांगितलेलं नाय... मी गेटवर थांबतो, तू फक्त ये."

हे ऐकून आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळी मी शेख सरांना सांगितलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांना बजावलं की परीक्षेच्या दिवशी सरांकडून कागदाचा कपटासुद्धा घ्यायचा नाही.

परीक्षेच्या दिवशी तिघांचंही केंद्र शहरातल्या एकाच शाळेत होतं. मी पोचले तर सर आधीच फाटकाशी उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पाण्याच्या दोन बाटल्या. दोन! मी मुद्दाम त्यांच्या जवळून गेले. "या मॅडम," ते म्हणाले, पण लक्ष माझ्याकडं नव्हतंच. रस्त्याकडं बघत होते. रिक्षा आली की मान उंच करायचे, रिक्षातून दुसरंच कोणी उतरलं की मान खाली. मी आत जाऊन व्हरांड्यातून बघत राहिले. पोलीसदादा त्यांना दोनदा म्हणाला, काका, आत व्हा. ते हलले नाहीत. शेवटची घंटा झाली, फाटक ओढून घ्यायला लागले, तेव्हा कुठं सर आत आले, आणि फाटक लागल्यावरही गजांतून रस्त्याकडं बघत राहिले. माणूस आला नाही वाटतं यांचा, मी मनात म्हटलं. बरं झालं.

हॉलमध्ये माझं काय झालं ते सांगते. जे येत होतं ते भराभर केलं. मग उरले ते सगळे छळवादी प्रश्न. पहिल्या खेपेला अशा प्रश्नांपुढं मी घाम पुसत नुसती बसले होते. या वेळी मनात नको म्हटलं तरी तोच आवाज. हा लई ओरडायलाय, बाद. हा भरतीचा, बाद. उरले दोघं. ज्या माणसाला मी चोर ठरवलं होतं त्याच्याच तालमीवर मी गोल काळे करत होते, आणि मला त्याची लाजही वाटत होती आणि रागही येत होता. पण एकही गोल कोरा ठेवला नाही.

बाहेर आल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "सगळे भरले ना?"

मी म्हटलं, "भरले. तुम्ही कोणाची वाट बघत होता हो गेटवर?"

"कोणाची नाय," ते म्हणाले आणि सकाळच्या त्या दोन बाटल्यांतली एक माझ्या हातात दिली. ती अजून तशीच भरलेली होती. मी प्यायले नाही.

निकाल लागला. शेख सर आरामात पास. मी पास झाले ते अगदी काठावर. तो आकडा बघून मी देवासमोर आधी रडले आणि मग शांतपणे विचार केला. यातले कितीतरी गुण नुसत्या अंदाजाचे होते. ते गोल कोरे असते तर मी आज घरी बसले असते. मुलांचं शिक्षण राहिलं ते त्यामुळंच. आता मात्र मला राहवेना. माणूस चोर असो की साव, पेढे तर द्यायलाच पाहिजेत, आणि त्या निमित्तानं घरही बघता येईल. रविवारी मी न सांगता बजाजनगर गाठलं.

कंपनी कामगारांच्या रो-हाऊसची गल्ली. दार वहिनींनी उघडलं. बारीक अंगाची, स्वच्छ बोलणारी बाई. मी नाव सांगितलं तसं म्हणाल्या, "सोनवणे मॅडम का? या या. तुमचे कोणते प्रश्न चुकतात ते सगळे मला पाठ आहेत." सर आतून बनियनवर सदरा चढवत आले आणि मला बघून असे गोंधळले की माझी खात्रीच झाली, इथं काहीतरी आहे.

मी पेढे दिले. वहिनींनी भिंतीशी टेकवलेल्या फळ्यावर लिहिलेलं कुणाचं तरी गणित पुसायला घेतलं. मी विचारलं, तुम्ही शिकवता?

"शिकवत होते. इथल्याच खासगी शाळेत, कितीतरी वर्षं. मग ही परीक्षा सगळ्यांना आली. आमच्या शाळेनं मुदत संपायची वाटही बघितली नाही. आता गल्लीतली पोरं येतात, तेवढंच."

"परीक्षा दिली नाही तुम्ही?"

सर मध्येच म्हणाले, "चहा टाक ना."

पण वहिनी बसल्या. "दिली. जे येत होतं ते लिहिलं, येत नव्हतं ते कोरं सोडलं. पोरांना जन्मभर सांगितलं, येत नसेल तर येत नाही म्हणा, ठोकून देऊ नका. मग मीच कशी ठोकणार? थोडक्यात गेली." त्यांनी सरांकडं बघितलं नाही. "घरी येऊन सांगितलं तर हे इतके ओरडले, इतके ओरडले, की शेजारचे बाहेर आले. मला मूर्ख म्हणाले, सगळ्यांच्या देखत. त्या दिवसापासून मी त्या पुस्तकाला हात लावला नाही."

मी सरांकडं बघितलं. खाली फरशीकडं बघत होते.

"खरंय," ते म्हणाले. "मला समजावून सांगताच यायचं नाय. ओरडणंच यायचं. तुमच्या गाडीत शिकलो मी, मॅडम. म्हटलं, तुम्हाला नीट सांगता आलं तर हिलाही सांगता येईल. या वेळी हिचा फॉर्म भरला. एकटी घाबरेल म्हणून माझाही भरला. पण सकाळी हिनं नाय म्हटलं. मग मी सरळ एकटाच गेलो आत."

म्हणजे लिंबाखालचा तो फोन वहिनींनाच होता. किती घाण घाण विचार केले होते मी या माणसाबद्दल! शेख सरांना सांगून त्यांच्याही डोक्यात भरवले. मी म्हटलं, "सरळ आत कुठं? वहिनी, हे फाटकाशी उभे होते. शेवटची घंटा झाली तरी हलेनात. पोलिसानं दोनदा हाकललं. फाटक लागलं तरी गजांतून रस्त्याकडं बघत होते. मी स्वतः बघितलंय."

वहिनी बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिल्या, उलगडत राहिल्या.

"मला म्हणाले, मी तर वाटच बघितली नाही," त्या हळू म्हणाल्या. मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही अंदाजानं लिहिलं. पोरांपुढं उभं राहताना आता काही वाटतं का?"

मी खरं ते सांगितलं. "पहिल्या दिवशी वाटलं. मग मी पोरांना सांगितलं, येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि मग काय वाटतं तेही सांगा. आमच्या दुसरीत जी पोरं कधी तोंड उघडत नव्हती, ती बोलायला लागली."

वहिनींनी मान हलवली. उठल्या, पेढ्याचा खोका उघडला आणि एक पेढा सरांपुढं धरला.

"पुढच्या वेळचा फॉर्म भरा," त्या म्हणाल्या. "पण गेटवर उभं राहायचं नाही. घरूनच माझ्याबरोबर निघायचं."

सरांनी पेढा घेतला. खायचा सोडून तसाच हातात धरून बसले, आणि चहा टाकायला वहिनी आत गेल्या तरी स्वयंपाकघराच्या दाराकडंच बघत होते.